डाव्या पंखातली रफू

४ मार्च

प्रिय पाहुण्या,

‘मला माझ्या आईचा चेहरा का आठवत नाही?’ असं तू विचारलं आहेस. याचं उत्तर मला देता येत नाही. तुझं पत्र शनिवारी आलं. चार दिवस ते पर्समध्ये घेऊन फिरते आहे आणि अजून एवढं एकच वाक्य सुचलं आहे.

वेधशाळेच्या फाटकाशी आलेल्या त्या म्हातारीबद्दल लिहिलंस, तेही वाचलं. तू “कोण हवंय आजी?” म्हणालास, ती नुसती बघत राहिली आणि मग रडायला लागली. अशी माणसं असतात रे. एखादीचा मुलगा हरवलेला असतो, मग तिला कुणातही तोच दिसतो. मनाला लावून घेऊ नकोस. डोंगरावरची हवा विरळ, झोप अपुरी, त्यात दिवसभर वाऱ्याचे आकडे लिहायचे. आठवण पुसट व्हायला एवढं पुरत असेल. मी काही डॉक्टर नाही.

इकडे सगळं नेहमीसारखं. बाबांना आता सुईचं नेढं दिसत नाही. ते बोटांनी चाचपून दोरा ओवतात आणि मी बघितलं की रागावतात. बारीक रफू सगळी माझ्याकडे आली आहे. सकाळी दुकान, दुपारी कामगार बायकांच्या केंद्रात शिकवणं. माझं पदवीचं प्रमाणपत्र अजून दोऱ्यांच्या कपाटाशेजारीच टांगलेलं आहे. नवीन गिऱ्हाईक आलं की बाबा आधी ते दाखवतात, मग कोटाचं भोक बघतात. “आमच्या घरातली पहिली,” म्हणतात. आत्या इस्त्रीवरून मान वर न करता म्हणते, “हो, शिकली-सवरली आणि नवरा शोधला तो उडणारा. भांडण झालं तर पकडायचा कुठे?”

तू म्हणालास तसा काल नोंदणी कार्यालयात लग्नाचा अर्ज देऊन आले. तीस दिवस नोटीस फळ्यावर राहील, मग सही. कारकून तुझा मूळ पत्ता विचारत होता. त्याला काय सांगणार, कड्याच्या पलीकडे, वाऱ्याच्या वरच्या अंगाला? आमचाच पत्ता घातला.

पंख नीट आहेत. वरच्या फळीवर, जुन्या चादरीत. आत्यानं डांबराच्या गोळ्या ठेवल्या आहेत. रफू छान बसली आहे. तू पुढच्या सुट्टीत ते बघायला मागितले होतेस, पण कशाला? अजून थोडे दिवस हलवू नयेत असं मला वाटतं.

मफलर वापर.

तुझी


१२ मार्च

प्रिय पाहुण्या,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. इथं एक गोष्ट झाली, ती तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

सोमवारी दुकानात एक वयस्कर बाई आल्या. अंगावर जाड शाल, आणि शालीखाली पाठ फुगलेली, जणू गाठोडं बांधलंय. आत्या म्हणाली, “या आजी. काय द्यायचंय, इस्त्री की रफू?”

“द्यायचं काही नाही. एक रफू बघायची आहे.”

“आमची रफू दिसत नाही आजी. दिसली तर ती आमची नव्हे.”

बाबा हसले. त्या हसल्या नाहीत.

“पंखावरची,” त्या म्हणाल्या.

आत्याच्या हातातली इस्त्री तशीच राहिली. कुणाच्या तरी शर्टाच्या पाठीवर आता तिचा तपकिरी ठसा आहे. त्या बाईंनी आम्हा तिघांकडे पाहिलं आणि मग फक्त माझ्याकडे. डोळे शिशासारखे करडे. असे डोळे मी आणखी एकाच माणसाचे पाहिले आहेत.

“माझ्या मुलाचा डावा पंख कुंपणाच्या तारेत फाटला,” त्या म्हणाल्या. “दुरुस्त करून येतो म्हणाला आणि इकडे उतरला. दीड वर्ष झालं. आता त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले, तीन वेळा हाक मारली. तर मला म्हणाला, कोण हवंय आजी.”

मी म्हणाले, “पंख इथं नाहीत.”

डांबराच्या गोळ्यांचा वास सगळ्या दुकानात भरला होता. बाबांनी माझ्या दिशेनं मान वळवली, पण गिऱ्हाइकासमोर ते मला कधी खोडत नाहीत. बाई उठल्या. रस्त्यापलीकडे बसथांब्याचा बाक आहे ना, तिथं जाऊन बसल्या. आज चौथा दिवस. सकाळी येतात, दुकान बंद झालं की उठतात. आत्या त्यांना चहा नेऊन देते आणि परत आल्यावर माझ्याशी बोलत नाही.

तुला तू आलास तो दिवस आठवतो का? इकडचं तुला सगळं आठवतं. परी म्हटलं की लोकांना लहान मुलींच्या वाढदिवसाचे चमकीचे पंख आठवतात. तू आलास तो आठ दिवसांची दाढी वाढलेला, खांद्यावर रक्त वाळलेलं, आणि काखेत वर्तमानपत्राची गुंडाळी. ती तू टेबलावर सोडलीस. बाबा कापडावर हात फिरवत राहिले, फिरवत राहिले, मग विचारलं, “हे कुठलं कापड?” तू म्हणालास, “माझं.” पंख उतरवून ठेवता येतात हे कळल्यावर आत्या केवढी खूश झाली होती! “म्हणजे आमच्या कवळीसारखंच की!”

आमच्या कामाचा पहिला नियम बाबांनी तुला तेव्हाच सांगितला. भोक भरायचं ते त्याच कापडाच्या धाग्यानं. कोट असला की आतल्या दुमडीतून धागे काढता येतात. पंखाला दुमड नसते. तू म्हणालास, “काठावरून काढा. पूर्वीइतकं उंच जाता येणार नाही, एवढंच.” मी म्हणाले, “बघते.”

नऊ दिवस तू खिडकीखालच्या स्टुलावर बसलास. मी फाटलेल्या कडेचेच मोकळे धागे जोडत होते आणि तू मला वाऱ्यांची नावं सांगत होतास. सतरा नावं. पहाटे दरीतून वर येणाऱ्याला काय म्हणतात, गवत एकाच बाजूला झोपवणाऱ्याला काय म्हणतात. आईनं शिकवली, म्हणालास. शेवटी धागे कमी पडले. थोडेच. मी भागवलं.

आमचा दुसरा नियम तुला माहीत आहे. रफू कुठं आहे हे सांगायचं नाही. गिऱ्हाइकानं विचारलं, “भोक कुठं होतं हो?” तर बाबा म्हणतात, “कुठलं भोक?”

तुझी


१९ मार्च

प्रिय पाहुण्या,

हे पत्र मी बहुधा टाकणार नाही.

आज केंद्रात करारपत्र शिकवलं. शर्टाच्या कारखान्यातल्या बायका, बहुतेक माझ्याहून वयानं मोठ्या. नेहमीप्रमाणे फळ्यावर लिहिलं: ‘सगळं न सांगता घेतलेला होकार हा होकार नव्हे.’ हे वाक्य माझं आहे. कॉलेजात एका निबंधात लिहिलं होतं, तेव्हापासून वापरते. काजं-बटणं करणारी आहे ना, सगळ्यात पुढे बसते ती, तिनं हात वर केला.

“बाई, पण सांगितलं तर समोरचा नाही म्हणेल अशी धास्ती असली तर?”

“कुणाला धास्ती?”

“मालकाला.”

“मग तर सांगायलाच हवं.”

“हे मालकाला शिकवायचं सोडून तुम्ही आम्हाला काय शिकवताय?” ती म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले. मग फळा पुसायला वळले आणि बराच वेळ पुसत राहिले.

कमी पडलेले धागे सात होते. काठ कापायचा नव्हता, म्हणून मी माझे केस घेतले. डाव्या कानामागचे, लांब, सात. केस चिवट असतो आणि उजेडात धरला तरी तुझ्या पंखाच्या रंगात मिसळून जातो. बसले इतके सुरेख की बाबांच्या बोटांनाही तेव्हा कळलं नाही. मला अभिमान वाटला होता. दहाव्या दिवशी तू छपरावरून उडालास, संध्याकाळी परत आलास आणि म्हणालास, उद्या जातो. मग परवा म्हणालास. मग म्हणायचा थांबलास.

त्यानंतर काय काय गेलं ते मी मोजलं आहे, कारण मी समोर होते. आधी वाऱ्यांची नावं. महिनाभरात सतराची नऊ झाली, थंडीत दोन उरली. मग तुझ्या बहिणीचा आवाज. मग वरची वाट. पंख जड होतात म्हणून तू ते उतरवलेस आणि चादरीत गुंडाळून माझ्या हातात दिलेस, जणू हिवाळ्याचा कोट. दर वेळी एक गोष्ट गेली की तू माझ्याकडे थोडा अधिक वळायचास. जेवताना माझ्या ताटाकडे बघायचास. मी खोलीतून उठले की तुझी मान उठायची. आत्या चिडवायची, “पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई!” तू मोठ्यानं हसायचास. मीही.

केसामुळे असं होईल हे मला ठाऊक नव्हतं.

ती अजून बाकावर आहे. आज ऊन फार होतं, आत्या तिच्यासाठी छत्री घेऊन गेली.


२८ मार्च

एकोणीस तारखेचं पत्र मी टाकलं नाही हे बरं झालं. त्यातलं शेवटून तिसरं वाक्य खोटं होतं. ‘मला ठाऊक नव्हतं’ हे.

रविवारी सकाळी मी अंघोळीहून आले तर बाबा स्टुलावर चढून वरच्या फळीवरची चादर काढत होते. मी धावले. ते म्हणाले, “धरू नकोस मला. पडायचं असतं तर आधीच पडलो असतो.” पंख खिडकीपाशी नेऊन त्यांनी डोळे मिटले आणि डाव्या पंखावर बोट फिरवलं. खूप सावकाश. एका जागी थांबले, मागे आले, पुन्हा थांबले. मग नाकाशी नेलं.

“हे पंखाचं नाही. याला डोक्याच्या तेलाचा वास आहे,” ते म्हणाले. “कुणाचा?”

“माझा.”

आत्या म्हणाली, “अरे, असेना का! मुलगा सुखात आहे, नोकरीला लागलाय, लग्न करतोय. कुणाचं काय वाईट झालं?” मग तिचंच लक्ष रस्त्यापलीकडच्या बाकाकडे गेलं.

“परका धागा पहिल्या धुण्यात गप्प असतो,” बाबा म्हणाले. “नंतर ओढायला लागतो. सगळं कापड आपल्याकडे ओढतो. हे तुला मी कधी शिकवलं?”

“मी फ्रॉकमध्ये होते तेव्हा.”

“मग ठाऊक होतं.”

“होतं.”

तेच तुला सांगायचं आहे. ठाऊक होतं. पंखाचं काय होईल हे कुणालाच ठाऊक नसतं. पण धागा ओढतो हे ठाऊक होतं, आणि सातवा केस ओवताना मी मनात म्हणाले, ओढू दे. काठ वाचवायचा होता हे खरं. पण तेवढंच असतं तर मी तुला विचारलं असतं. तू दोन हातांवर बसला होतास. ‘केस घालू का?’ एवढे तीन शब्द होते. मी विचारले नाहीत, कारण तू विचारलं असतंस, त्यानं काय होईल?

बाबा रागावले नाहीत. ते म्हणाले, “चाळीस वर्षं मी लोकांची भोकं लपवली. माणूस कुणाचा लपवला नाही.” मग चपला घातल्या, काठी घेतली, एकट्यानं रस्ता ओलांडला. मी दारातून बघत होते. बाकाशी जाऊन त्यांनी हात पुढे केला आणि तुझ्या आईला घेऊन आले. “या बसा. रफू बघायची होती ना तुम्हाला.”

तिनं पाहिली. बोट फिरवलं, जिथं बाबा थांबले होते तिथंच थांबली. म्हणाली, “सुंदर काम आहे.” तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मी काहीतरी बोलू शकले असते.

“हे उसवलं तर?” तिनं विचारलं.

“भोक उघडं पडेल,” मी म्हणाले. “काठ कापून भरावं लागेल.”

तिनं शाल सोडली. पंख म्हातारे झाल्यावर असे चांदीसारखे होतात हे मला माहीत नव्हतं. डावा पंख तिनं स्वतःच उतरवून टेबलावर ठेवला. “यातून घे.”

बाबांनी दोन्ही पंख एकेका हातात घेऊन चोळून पाहिले आणि त्यांचा आवाज बदलला. “एकाच थानातलं आहे,” ते म्हणाले. “चालेल.”

“पण मग तुम्हाला उंच जाता येणार नाही,” मी म्हणाले.

“मला आता कुठं जायचंय उंच? त्याच्या दारापर्यंत गेलं की झालं.”

आत्यानं विचारलं, मग तुम्हीच का नाही काढून घेत ते केस? ती म्हणाली, दुसऱ्यानं ओढले तर पंख फाटेल, घालणाऱ्याच्याच हातानं निघतात. आणि मग माझ्याकडे वळून, “मी घाई करणार नाही. तू ठरव.”

नोटीस दोन तारखेला पूर्ण होते. म्हणजे मी काहीही केलं नाही, नुसती पाच दिवस गप्प बसले, तरी सगळं होऊन जाईल. तू येशील, सही करशील, आणि तू खूश असशील हे मला माहीत आहे. तू खोटं बोलणार नाहीस. एक म्हातारी बाकावर बसून राहील आणि पुढे कधीतरी येईनाशी होईल. रोज अशा किती म्हाताऱ्या कुठं कुठं बसलेल्या असतात.

एका गोष्टीवर मी दीड वर्ष जगले, ती लिहून ठेवते. नवव्या दिवशी माझ्या बोटात सुई गेली. तू हात ओढून घेतलास आणि टोचलेल्या जागी ओठ ठेवलेस. तेव्हा पंखात एकही केस नव्हता. ते तुझं होतं. पण त्याच दुपारी मी विचारलं, राहशील का? आणि तू म्हणालास, “जाणाऱ्याला असं विचारू नये गं.” तेही तुझंच होतं. या दोन्हींतलं कुठलं मोठं होतं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. ते मी होऊच दिलं नाही.

मी काय करू, असं तुलाच विचारावंसं वाटतं. पण तुझ्याकडून जे उत्तर येईल ते माझ्या केसांनी दिलेलं असेल.


२ एप्रिल

प्रिय पाहुण्या,

हे पत्र पोस्टानं आलेलं नाही. तुझ्या आईच्या हातून आलं आहे. तू ते उघडलं असशील तर तिला आत घेतलं असशील, आणि आत घेतलं असशील तर तिला आजी म्हणाला नसशील, अशी मला आशा आहे. सोबत चादरीत तुझे पंख आहेत. एकोणीस आणि अठ्ठावीस तारखेची पत्रंही आहेत. तीही वाच, आधी ती वाच.

सोमवारी आणि मंगळवारी सकाळी मी ते काम केलं. खिडकीचा उजेड सरळ टेबलावर येतो तेव्हा. बाबा शेजारी बसले होते, त्यांना दिसत नव्हतं तरी. आत्यानं इस्त्री बंद ठेवली. कोळशाची धूळ नको म्हणाली. घालताना एका दुपारीत गेलेले सात केस काढायला दोन सकाळी लागल्या. ते पंखाशी इतके एकजीव झाले होते की तिसरा ओढताना पंख शहारला आणि माझं डोकं कानामागे दुखलं. सातवा निघाला तेव्हा काहीच झालं नाही. दिवा विझला नाही, वारा सुटला नाही. तुझी आई मात्र स्टुलावरून उठून दाराशी गेली आणि डोंगराच्या बाजूला तोंड करून उभी राहिली. तिला काय ऐकू आलं ते मी विचारलं नाही. मंगळवारी साडेदहाच्या सुमाराला तू काय करत होतास, कशाकडे बघून थांबलास, ते तुझं तुला माहीत.

तिच्या पंखाचा काठ दोन बोटं कमी झाला आहे. तिला जिने चढताना जप.

बुधवारी केंद्रात गेले. काजं-बटणंवालीला म्हटलं, परवाच्या तुझ्या प्रश्नाला मी अर्धंच उत्तर दिलं होतं. सांगायला हवं हे खरं, पण सांगितल्यावर आपल्याजवळ काही उरत नाही हेही खरं, ते मी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, “ते आम्हाला ठाऊक होतं बाई. तुम्हाला ठाऊक आहे का, तेवढंच बघत होते.”

तिथून नोंदणी कार्यालयात गेले. अर्ज मागे घेतला. कारकून म्हणाला, एक दिवस तर राहिला होता, मुलगा पळाला का? मी म्हणाले, नाही, मीच त्याला धरून ठेवलं होतं. त्याला ते विनोदासारखं वाटलं. फळ्यावरचा कागद त्यानं माझ्यासमोर काढला, टाचण्या डबीत टाकल्या.

आता तुझ्यावर माझं काही नाही. कागद नाही, केस नाही. तुला राग येईल, तर तो तुझा असेल. काहीच वाटणार नाही, तर तेही तुझंच असेल. त्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते, हेही सांगून टाकते. आता लपवायला काही शिल्लक ठेवायचं नाही. सतरा वाऱ्यांतली जी दोन नावं तुझ्याजवळ उरली होती, ती मी पाठ केली आहेत. बाकीची पंधरा तुला परत मिळाली असतील.

आणि एक नियम मोडते आहे. बाबांना सांगून मोडते आहे. ते म्हणाले, “मोड.”

रफू डाव्या पंखावर आहे. खालून चौथी शीर धर, तिच्यावरून बोट वर ने, अंगठ्याएवढ्या अंतरावर. तिथं सात धागे चांदीचे आहेत, तुझ्या आईचे. मला ते तुझ्या रंगात बुडवून टाकता आले असते, तेवढा हात माझा बसला आहे. मी तसं केलं नाही. या वेळची रफू दिसते. कुणीही विचारलं, भोक कुठं होतं, तर दाखवता येईल.

तुझी आई आता निघते आहे. आत्यानं तिला वाटेत खायला बांधून दिलं आहे. मी पंखांची घडी स्वतः घातली आणि चादरीला गाठ मारली, एका ओढीत सुटेल अशी.